जाहिरातीत बाईचं काम काय? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. अठरा वर्षं एका मराठी दैनिकात पुरवणीची पानं लावली. ती नोकरी सोडल्यापासून हायस्कुलं, महिला मंडळं, वाचनालयं, कधी एखाद्या देवळाचा सभामंडप, बोलावतील तिथे जाते आणि सिनेमा, जाहिराती, मोबाइल यांत बाई कशी दाखवतात यावर बोलते. तोंडी विचारायला लोक लाजतात म्हणून चिठ्ठ्या फिरवते. चिठ्ठ्या ढीगभर जमल्या, पण प्रश्न फिरून फिरून तेच. त्यातले हे.

‘वस्तुकरण’ हा जड शब्द कशाला? सरळ सांगा.

सरळ सांगायचं तर माणसाला सामान समजणं. नाक्यावरची पोरं जाणाऱ्या मुलीला ‘माल’ म्हणतात तेव्हा ती याची व्याख्याच सांगत असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. मार्था नुसबॉम या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी 1995 मध्ये याच्या सात खुणा मांडल्या. सातही इथे सांगत बसत नाही, मला रोज उपयोगी पडतात त्या दोन सांगते. ही नसली तर दुसरी चालेल असं वाटणं, ही एक. आणि तिला स्वतःला काय वाटत असेल हा प्रश्नच मनात न येणं, ही दुसरी.

सभेत मी अंगठा वापरायला सांगते. पेपरातली जाहिरात समोर धरायची आणि त्यातल्या बाईवर अंगठा ठेवायचा. टायरची जाहिरात असेल तर टायर तसाच राहतो, किंमत राहते, दुकानाचा पत्ता राहतो. मग बाई तिथे काय करत होती? आता अंगठा नुसत्या चेहऱ्यावर ठेवा. चेहरा झाकूनही चित्राचं काही बिघडत नसेल, तर चेहरा कोणाला नकोच होता. सावईवेऱ्याला एकदा एका आजीबाईंनी पुरवणीचं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, “अंगठा कुठे ठेवू गो? हिला डोकंच नाही!” खरंच नव्हतं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचाच फोटो होता.

‘लैंगिकीकरण’ हा त्याचा सख्खा भाऊ. जिथे शरीरसुखाचा काही संबंध नाही, तिथे तो ओढून आणणं. सिमेंट, पंखा, मोबाइलचा रिचार्ज.

म्हणजे तोकडे कपडे वाईट, असंच ना?

नाही. हा गैरसमज निस्तरण्यातच माझा अर्धा वेळ जातो. समुद्रात पोहायला उतरलेली बाई पोहण्याचेच कपडे घालणार, त्यात कोणाचं काही गेलेलं नाही. उलट मसाल्याच्या पाकिटावरची सूनबाई बघा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, नाकात नथ, हातात कढई. तिला भूक लागत नाही, तिची कंबर दुखत नाही, तिला मत नाही. हसत वाढणं एवढंच तिच्याकडे. तीही सामानच, फक्त देवघरातलं. मालिकांतल्या नायिकेला ‘सोज्वळ’ म्हणून वाखाणतात तेव्हा मला ते पाकीट आठवतं.

2014 मध्ये आमच्या एका मंत्र्यांनी किनाऱ्यावरच्या बिकिनीवर आणि पबमधल्या तोकड्या स्कर्टवर बंदी हवी, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं बोलून दाखवलं. गदारोळ झाला. त्या दिवसांत बातमीशेजारी फोटो कशाचे लागले असतील? बरोबर ओळखलंत. कपडा टेपने मोजणारा आणि कपडा उतरवून विकणारा, दोघांची नजर शेवटी एकाच जागी खिळलेली.

गोव्याचंच नाव यात एवढं का येतं?

कारण गोवा विकताना बाई पुढे केली गेली. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं यायला लागली, किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली आणि बाहेरच्या माणसाच्या मनात गोवा म्हणजे वाळू, बाटली आणि बाई अशी त्रिमूर्ती पक्की झाली. हिंदी सिनेमानं त्याआधीच फ्रॉकवाली गोंयकान्न, म्हणजे गोव्याची बाई, घडवून ठेवली होती: ख्रिश्चन, हसरी, थोडी प्यायलेली, नायकाला पटकन हो म्हणणारी. आमच्या ख्रिश्चन शेजारणींनी या एका फ्रॉकपायी किती ऐकून घेतलंय ते त्यांनाच विचारा. माझ्या शेजारची तियाटिस्टाची, म्हणजे कोंकणी तियात्र नाटकातल्या नटाची, बायको रोज पहाटे चर्चला जाते आणि दिवसभर शिवणयंत्रावर बसते. तिच्यासारखी बाई मी अजून पडद्यावर पाहिलेली नाही.

हिंदू घरातल्या मुली सुटल्या असं समजू नका. पुण्यात शिकायला होते तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, “गोव्याची का? मग पीत असशील!” तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला गोवा जिथून माहीत होता तिथे दुसरं काही दाखवलेलंच नव्हतं. आमच्याकडे पौषात धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे नाच-खेळ, होतात, काकणं भरतात, सोमवारचे उपास असतात, हे तिला सांगता सांगता माझाच सूर क्षमा मागितल्यासारखा होत गेला. त्याचा राग आजही येतो, तिच्यापेक्षा माझाच जास्त.

आता पर्वरीहून पणजीकडे उतरताना मान वर करा. मांडवीत कॅसिनोची जहाजं, आणि रस्त्याकडेला त्यांचे फलक. पत्ते, चकती आणि बाई. जुगारात पैसे हरायला बाई कशाला लागते हे मला अजून कळलेलं नाही. अंगठा लावून बघा.

याचा भुर्दंड किनाऱ्यावर भरावा लागतो. गाडी भरून आलेले पोरगे पाण्यात उतरायच्या आधी मोबाइल उघडतात. ते ‘बघायला’ आलेले असतात, जाहिरातीनं तसं सांगितलेलं असतं. हे इतकं वाढलं की जानेवारी 2023 मध्ये पर्यटन खात्यानं सूचना काढली: ऊन खात पडलेल्या किंवा पोहणाऱ्या इतर पर्यटकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत, त्यांच्याबरोबर सेल्फी घेऊ नयेत. सूचना चांगलीच आहे. पण शेजारच्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये हे सरकारला छापून सांगावं लागतं, यातच सगळं आलं. ‘बायलांचो साद’सारख्या संघटना पर्यटन आणि बायका यांचा हा हिशेब ऐंशीच्या दशकापासून मांडत आल्या आहेत. तेव्हा त्यांना विकासाच्या आड येणाऱ्या म्हणत.

हे सगळं टीव्हीनं आणि बाहेरच्यांनी आणलं. आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं ना?

ही चिठ्ठी बहुधा पुरुषाच्या अक्षरात असते. फोंडा महालातल्या देवळाच्या सभामंडपात बसून हे विचारणं म्हणजे कमालच.

या देवळांच्या सेवेला बांधलेली घराणी होती. कलावंतीण, भाविण, देवदासी अशी नावं होती. त्या घरांत जन्मलेल्या मुलीनं गायचं, नाचायचं, दिवा धरायचा आणि कोणाच्या तरी आश्रयाला राहायचं. गाणं सगळ्यांना हवं होतं. तिचा हात लग्नात धरायला मात्र कोणी पुढे येत नसे. टीव्ही नव्हता, इंटरनेट नव्हतं, बाहेरचा पर्यटक नव्हता. बघणारे आपलेच होते.

केसरबाई केरकर याच समाजातल्या, आमच्या फोंड्याच्या केरी गावच्या, जन्म 1892. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. दोघींनी अल्लादियाखाँसाहेबांकडून गाणं घेतलं आणि ते अशा जागी नेऊन ठेवलं की समोर बसलेल्याला मान खाली घालूनच ऐकावं लागे. 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानं अवकाशात गेली तेव्हा त्यांच्यावरच्या ध्वनिमुद्रिकेत भारताकडून केसरबाईंची भैरवी होती. आज ती यानं ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहेत. मला यातली एक गोष्ट फार आवडते. तिथे बाईंकडे कोणी बघू शकत नाही. कोणी भेटलाच, तर त्याला ऐकावं लागेल.

या समाजानं विसाव्या शतकात स्वतः चळवळ करून, मुलींना शिकवून ही प्रथा मोडली आणि पुढे ‘गोमंतक मराठा समाज’ म्हणून उभा राहिला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर याच समाजातले. त्यांच्या पश्चात 1973 मध्ये त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. तेव्हा ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी पूर्वीचं नीट बघावं.

ती स्वतः सही करते, पैसे घेते. मग तक्रार कोणाची?

तिची नाहीच. कमावणाऱ्या बाईला मी कधी नावं ठेवत नाही. पण सही एका कागदावर असते आणि कॅमेरा कुठे लावायचा हे दुसराच ठरवतो. अर्ध्यात ‘हे मी करणार नाही’ म्हणाली तर पुढच्या कामाला बोलावणं येईल का? येईल असं उत्तर असेल तर तिचा निर्णय तिचा. नसेल तर ती सही कितपत तिची, यावर माझं आणि माझ्या भावाचं दर गणेशचतुर्थीला भांडण होतं.

लांब कशाला जायचं? आमच्या वाड्यावर उत्सवात नाटक होतं. पुरुष सगळे गावचे, बाईचं काम करायला नटी बाहेरून आणतात. “यंदा बाई कोण?” असाच प्रश्न असतो, जशी माइकवाल्याची चौकशी. एका वर्षी आलेल्या नटीनं दोनच तालमींत अख्खी भूमिका पाठ केली आणि आमचा नायक दुसऱ्या अंकात अडकला तेव्हा त्याचंही वाक्य हळूच त्याला पुरवलं. मी विंगेत होते, मला ऐकू आलं. हस्तपत्रिकेवर नायकाचं नाव, आडनाव, हुद्दा, कुठल्या बँकेत ते सगळं. तिच्याविषयी फक्त ‘सोबत सुप्रसिद्ध नटी’. नाटक संपल्यावर मागून पोरांचा आवाज आला, “नाच नाही का?”

आयटम साँग मजा म्हणून बघितलं तर बिघडलं कुठे? बायकांनी नाचूच नये का?

नाचावं की! आमच्या बायका पौषातल्या रात्री मांडावर धालो खेळतात, फुगड्या घालतात. पुरुषांना तिथे काम नसतं. थट्टा चालते, सोंगं काढतात, आणि त्या थट्टेत जे बोललं जातं ते इथे लिहिता येणार नाही. शरीर आहे, शृंगार आहे, चावटपणासुद्धा भरपूर आहे, पण बघायला तिकीट काढून बसलेला कोणी नाही. जी नाचते तीच हसते.

आयटम साँगमध्ये बाई कथेत कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. कॅमेरा बेंबी, कंबर, ओठ असे तुकडे करत फिरतो. तिच्या डोळ्यांतून काय दिसतं याचा एकही शॉट नसतो. सभोवार पन्नास पुरुष. गाणं संपलं की सिनेमा जिथे थांबला होता तिथून पुढे चालू. म्हणजे पुन्हा अंगठाच. चालीवर माझेही पाय हलतात, खोटं कशाला बोलू.

मारिओची मिस फोन्सेकासुद्धा चूक म्हणणार का?

हा प्रश्न पणजीत हमखास येतो, आणि मी हमखास अडखळते. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आमचे लाडके. त्यांच्या रेषेनं गोव्यातली गल्ली, भाटकार (जमीनदार), पोदेर (पाववाला), पाद्री सगळ्यांना कायमचं घर दिलं. आणि त्याच रेषेतून ती घट्ट कपड्यातली, भरल्या अंगाची ऑफिसातली सेक्रेटरी मिस फोन्सेका आणि सिनेमातली मिस निंबूपानी आल्या. काहीजण म्हणतात, हसू साहेबाच्या लाळघोटेपणाचं आहे. काही चित्रांत ते पटतं. सगळ्यांत नाही. चहाच्या कपावर ती एकटीच छापली जाते तेव्हा साहेब गायब असतो आणि लाळ घोटायची पाळी आपल्यावर येते. चित्रं फेकून द्या असं मी म्हणणार नाही. माझ्या घरी मारिओचं कॅलेंडर आहे.

नोव्हेंबर 2020 ची ती दोन प्रकरणं. कायदा बाईला एक आणि पुरुषाला एक का?

नावं सगळ्यांना माहीत आहेत, घेत नाही. काणकोणच्या चापोली धरणावर एका अभिनेत्रीनं चित्रीकरण केलं, अश्लील म्हणून तक्रार झाली, तिला अटक झाली आणि मग जामीन. त्याच आठवड्यात एका प्रसिद्ध मॉडेलनं आपल्या 55व्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला. गुन्हा त्याच्यावरही नोंदवला गेला, पण अटक झाली नाही. धरण ही सरकारी मालमत्ता होती, चित्रफीत आणि फोटो यांत फरक होता, हे वकील सांगतील आणि ते खरं आहे. मला आठवतात त्या लोकांच्या प्रतिक्रिया. त्याच्या फोटोखाली ‘या वयात काय शरीर ठेवलंय!’ आणि तिच्यासाठी जे शब्द होते ते तुम्हाला पाठ आहेत.

पुरुषांचंही वस्तुकरण होतं ना?

होतं, आणि वाढतंय. व्यायामशाळेतल्या पोरांना विचारा. पण त्या फोटोमुळे कोणी म्हापसा बसमध्ये पुरुषाला चिकटून उभं राहत नाही.

याचा खरंच परिणाम होतो, की बायकांच्या मनाचे खेळ?

मनावर परिणाम होतो हाच तर मुद्दा आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये मांडलं की सतत बघितलं जाणारी मुलगी हळूहळू स्वतःकडेही बाहेरूनच बघायला लागते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात कॉलेजातल्या मुलामुलींना बंद खोलीत, आरशासमोर, काहींना स्वेटर तर काहींना पोहण्याचे कपडे घालायला देऊन गणितं सोडवायला दिली. बघायला कोणी नव्हतं. तरी पोहण्याच्या कपड्यांतल्या मुलींची गणितं स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. एका प्रयोगावर जग चालत नाही हे मान्य. पण दहावीच्या वर्गात उत्तर येत असूनही ओढणी सारखी करण्यात हात वर करायचं राहून गेलेल्या मुली मी दर महिन्याला बघते.

शाळेच्या गॅदरिंगला चौथीच्या मुली आयटम साँगवर नाचतात. बोललं तर आई-बापच रागावतात.

बोला. मुलींना दोष न देता, गाणं निवडणाऱ्या शिक्षकांशी बोला. मुलीला ठेका आवडतो, अर्थ कळत नाही. कळणारे समोर खुर्च्यांवर बसलेले असतात आणि मोबाइल त्यांच्या हातात असतो. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाईल यावर कोणाचा ताबा नसतो. गोव्यानं मुलांचे शोषण पूर्वी फार जवळून पाहिलेलं आहे, म्हणून तर 2003 मध्ये राज्याचा स्वतंत्र बाल कायदा झाला. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला मुलांचे अश्लील फोटो सापडले तर त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. आज फोटो धुवायला कोणी जात नाही, प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे.

कायदा आहे का?

आहे. ‘स्त्रियांचे असभ्य चित्रण (प्रतिबंध) अधिनियम’ 1986 चा, लागू झाला 2 ऑक्टोबर 1987 पासून. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड. दोन हजारांत आज कळंगुटच्या शॅकवर दोघांचं नीट जेवणही होत नाही. शिवाय ‘असभ्य’ म्हणजे काय हे शेवटी ज्याच्या त्याच्या नजरेवर. सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या अवीक सरकार खटल्यात सांगितलं की नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील होत नाही, ते आजच्या समाजाच्या मापानं आणि संदर्भासकट बघायला हवं. मला ते पटतं. पण मग पूर्ण कपड्यांतली आणि तरी बाईला फर्निचर करून टाकणारी जाहिरात या कायद्याच्या जाळ्यातून सहज निसटते.

जाहिरातींसाठी ‘आस्की’ ही उद्योगांनीच 1985 मध्ये स्थापन केलेली परिषद आहे. तिथे कोणीही तक्रार करू शकतं, फुकट. जून 2022 मध्ये सामूहिक बलात्काराच्या भीतीवर विनोद करणाऱ्या एका परफ्यूमच्या जाहिराती लोकांच्या संतापानंतर उतरल्या, माहिती व प्रसारण मंत्रालयानं त्या काढायला लावल्या. त्याच महिन्यात आस्कीनं स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध नियमही आणले. गावातला फलक असेल तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन परवाना कोणी दिला ते लेखी विचारा. नुसत्या विचारण्यानं फलक उतरलेला मी दोनदा पाहिलाय.

कोणी चोरून फोटो काढला, किंवा माझा चेहरा दुसऱ्याच शरीराला जोडला तर?

आधी हे मनात पक्कं करा: चूक तुमची नाही. एप्रिल 2015 मध्ये कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात, कपडे बदलायच्या खोलीच्या दिशेनं लावलेला कॅमेरा तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना दिसला आणि त्यांनी तक्रार केली. मंत्र्यांना दिसला म्हणून देशाला कळलं. नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या एका बाईच्या व्हिडिओवर चढवलेला डीपफेक फिरला. तेच आता कुठल्याही मुलीच्या व्हॉट्सॲप फोटोवरून करता येतं.

पुरावा पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख लिहून ठेवा. त्या ॲपवर तक्रार करा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशी खासगी किंवा बनावट चित्रं तक्रारीनंतर 24 तासांत उतरवण्याचं बंधन घातलं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही देता येते. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठलंही पोलीस ठाणं तक्रार नाकारू शकत नाही. सोबत कोणाला तरी न्या. आई, मावशी, शिक्षिका, कोणीही. एकटीला ‘आधी घरी विचारून ये’ म्हणून परत पाठवलेल्या मुली मला भेटल्या आहेत.

मॅडम, तुम्ही स्वतः अठरा वर्षं पुरवणीत काय केलंत?

ही चिठ्ठी दर वेळी येते, बहुधा मागच्या रांगेतून. ती मी टाळत नाही.

राज्य पातळीवरच्या पोहण्याच्या स्पर्धेत एक मुलगी पहिली आली. छायाचित्रकारानं दोन फोटो दिले. एकात ती पदक हातात धरून उभी, केस ओले, समोरचे दोन दात दिसतील एवढं हसू. दुसऱ्यात ती तलावाच्या कठड्यावर हात टेकून पाण्यातून वर येताना, चेहरा खाली. वरिष्ठ म्हणाले, “दुसरा घे, उठून दिसेल.” मी घेतला. उभ्या दोन कॉलमांत बसेना, म्हणून वरून कापला. डोकं गेलं. मथळा मीच दिला होता, ‘जलपरी’.

सकाळी दहा वाजता फोन आला. तिची आई होती. रागावलेली नव्हती, पान उलटून पालटून बघत असावी, कागदाचा आवाज येत होता. मग म्हणाली, “मॅडम, मेडल खंय?”

मी दुसऱ्या दिवशी पदकाचा फोटो लावायला मागितला. शिळी बातमी, म्हणून जागा मिळाली नाही. त्याची एक प्रत काढून पोस्टानं तिला पाठवली.